दहा वर्षं न भांडलेले भाऊ

१२ ऑगस्ट

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या क्लार्ककडून टाइप करून घेतला. माझे ईमेल तुला पोचत नाहीत. फोन वाजतो आणि मध्येच बंद पडतो. राहता राहिलं तुझ्या विभागातलं टपालाचं कपाट. तिथे तुझ्या नावाच्या खणात कोणीही काहीही टाकू शकतं, आणि तो खण ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आई बरी आहे, हे आधी सांगते, नाहीतर जाड पाकीट बघून घाबरशील. गुडघा तोच आणि तक्रारही तीच. तुझ्याशी ती दर रविवारी बोलते आणि फोन ठेवल्यावर मला तुझ्याबद्दल अवाक्षर सांगत नाही. तुमचं मायलेकांचं तसं ठरलेलं असावं. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असते, मला फक्त तिच्या बाजूचं ऐकू येतं. 'हो', 'नाही', 'जेवलास का', 'मग जानेवारीतच का?' त्यावरून मी जुळवत बसते.

गेल्या वर्षी परिषदेत चहाच्या टेबलापाशी, हातात कपबशा घेतलेल्या लोकांसमोर तू म्हणालास, "दुसरा रेफरी कोण ते मला माहीत आहे. घरातलाच आहे." लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद केला. मीही हसले, कारण तोंडात बिस्किट होतं आणि दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस.

आईने परवा विचारलं, नेमकं झालंय तरी काय तुमच्यात. तिला समजावून सांगणं म्हणजे आपला सगळा धंदाच उलगडून दाखवणं. म्हटलं, आई, त्याने एक पेपर लिहिला. सख्ख्या भावंडांनी मिळून चालवलेल्या कंपन्यांचे शेअर बाकीच्यांपेक्षा जास्त कमावतात, असं त्यात आकड्यांनिशी दाखवलं. तो जर्नलला पाठवला. जर्नलचा एडिटर असा पेपर दोन जाणकारांकडे तपासायला देतो, त्यांना रेफरी म्हणायचं, आणि त्यांची नावं लेखकाला कधीही कळू द्यायची नाहीत. पहिल्या रेफरीने बरं लिहिलं. दुसऱ्याने दोन पानांत पेपर झोपवला.

"आणि तो दुसरा म्हणजे तू?"

"नाही."

"मग तसं सांग ना त्याला."

"सांगितलं. पण जो रेफरी नसतो तोही हेच सांगतो, आणि जो असतो तोही हेच सांगतो."

"चोरांच्या टोळीसारखं आहे ग तुमचं," आई म्हणाली आणि टीव्ही लावला.

खरं काय ते एकदाच लिहिते. तो पेपर आधी माझ्याकडेच आला होता. मी त्याच दिवशी एडिटरला कळवलं की हा लेखक बहुधा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, मला हे काम करता येणार नाही. पुढे तो कोणाच्या टेबलावर गेला ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुझ्याकडे पुरावा एकच, रिपोर्टातलं शेवटचं वाक्य. 'जे मोजायला उरले नाहीत, ते कुठे आहेत?' वाक्य माझं आहे, कबूल. पहिल्या वर्षाच्या वर्गापासून मी ते बोलत आले आहे. म्हणूनच माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोर आज तेच वाक्य दुसऱ्याच्या टाळक्यात हाणतं. त्यातली निम्मी आता कुठल्या ना कुठल्या जर्नलची रेफरी आहेत. त्यातलं कोण, याचा मला अंदाज आहे. पण तो मी तुला सांगणार नाही. आपल्या धंद्यात सगळे मिळून पाळतात असा हा एकच नियम आहे, आणि भावासाठी तो मोडला तर मग मी उद्या इतरांना काय शिकवू?

जानेवारीत तुझी फाइल कमिटीपुढे जाणार. सहा वर्षांची तात्पुरती नेमणूक संपली की एकतर कायम, नाहीतर सामान बांधा. तुझ्या फाइलीत या पेपराइतकं वजनदार दुसरं काही नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून हा कागदाचा खटाटोप.

ताई


३० ऑगस्ट

धाकट्या,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलं.

आमच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे. सगळ्यांना घरून काम करा म्हणून सांगितलंय, पण घरी तुझे भावोजी निवृत्तीनंतर गिटार शिकतायत. म्हणून मी माझी खुर्ची झेरॉक्सच्या खोलीत हलवली आहे. मशीन गरम झालं की जरा उकडतं, एरवी शांतता आहे. तिथे बसून मी तुझा पेपर वाचला. रेफरी म्हणून नव्हे. तुझ्या वेबपेजवर तू तो टांगून ठेवला आहेस, तिथून तो शेजारचा किराणावालासुद्धा वाचू शकतो.

आधी चांगलं सांगते, कारण मी कधीच आधी चांगलं सांगत नाही अशी तुझी जुनी तक्रार आहे. प्रस्तावना फार छान जमली आहे. मी ती दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा काही मी चुका शोधायला वाचली नव्हती. भावंडांना एकमेकांची फसवणूक लवकर कळते, म्हणून त्यांच्यावर पहारा ठेवायचा खर्च कमी येतो, हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

आता तुला न आवडणारं. तिसऱ्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत तू लिहिलंस, 'किमान दहा वर्षांचे सलग आकडे असलेल्या कंपन्याच विचारात घेतल्या.' सगळेच असं करतात. आकडे तुटक असले तर हिशोब डळमळतो, म्हणून मीही करत आले. पण अरे, तुझा विषय भावंडं आहे! भावंडांचं फाटलं की कंपनी फुटते. फुटली की जुनी कंपनी यादीतून जाते आणि तिच्या जागी दोन नव्या येतात, नव्या नावांनी, नव्या क्रमांकांनी. दहा वर्षांचे सलग आकडे त्या जुन्या कंपनीकडेही नसतात आणि नव्यांकडेही नसतात. तुझी ती एका ओळीची अट लागली आणि भांडलेले सगळे भाऊ चाळणीतून खाली पडले. वर उरले ते दहा वर्षं न भांडलेले. ते चांगलं कमावतात हे सांगायला डेटाबेस कशाला हवा? नापासांना घरी पाठवून उरलेल्या वर्गाची सरासरी काढली तर कुठल्याही शाळेचा मास्तर हुशारच ठरेल.

दुसऱ्या रेफरीने हेच म्हटलं होतं ना? तू त्याचं वाक्य कोणाचं हे शोधत बसलास आणि वाक्यात काय आहे ते तसंच राहिलं.

आणि आता ते सांगते, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले. खाली पडलेल्या कंपन्यांची यादी मी डेटाबेसमधून काढली. नुसती बघावी म्हणून वरून खाली वाचत गेले. त्यात आपली कंपनी आहे. बाबा आणि काकांची, पाण्याच्या पंपांची. शेअर बाजारात आली आणि आठव्या वर्षी फुटली. तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, तिच्या आवारात सायकल शिकत होतास, आणि एका महिन्यात आपलं त्या आवारात जाणंच बंद झालं. तू ती मुद्दाम गाळली नाहीस, मला माहीत आहे. हजारो ओळींमध्ये कोणाला एक ओळ दिसते? पण भाऊ-भाऊ एकत्र असले की धंदा चांगला चालतो, असं सिद्ध करणाऱ्या पेपरात आपल्याच बापाची कंपनी धरलेली नाही. मला त्याचं हसूही आलं आणि मग बराच वेळ मी मशीनवरचा हिरवा दिवा बघत बसले.

ताई


२१ सप्टेंबर

धाकट्या,

आज मी रागावलेली आहे. तेव्हा अक्षर वाईट आलं तर समजून घे.

परवा सकाळी दुसऱ्या एका जर्नलच्या एडिटरचा ईमेल आला: एक पेपर आहे, रेफरी व्हाल का? लेखकाचं नाव झाकलेलं, पण शीर्षक तेच. तुझंच. मी पुन्हा नाही म्हणून कळवलं, पुन्हा तेच कारण देऊन. नाकारलेल्या कामाबद्दल तुला सांगणं नियमात बसतं की नाही हे मी शोधलं, कुठे लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून सांगते आहे.

पण नकार कळवण्याआधी मी तिसऱ्या तक्त्याखालची टीप बघितली. दहा वर्षांची अट जशीच्या तशी आहे. फक्त खाली एक नवी तळटीप: 'फुटलेल्या कंपन्यांचा समावेश केल्यास निष्कर्षांत लक्षणीय फरक पडेल असे वाटत नाही.' असे वाटत नाही! कोणाला वाटत नाही? बघितलंस का करून? आपल्या पेपरांत 'वाटत नाही' हा शब्द कधी येतो ते मी तुला शिकवायला नको. बघायची भीती असते तेव्हा येतो.

आधी ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते. आता तुला माहीत आहे, आणि माहीत असून तू ती चादरीखाली सरकवलीस. जानेवारीच्या आत छापायला स्वीकारला जावा म्हणून. मला सगळं कळतं. घराचे हप्ते, मुलीची शाळा, आणि चाळिशीत नव्याने नोकरी शोधायची म्हणजे काय. सगळं कळून मी लिहिते आहे: हा पेपर असाच छापून आला तर मी त्याला उत्तर लिहीन. निनावी नाही, माझ्या नावाने. त्याच जर्नलमध्ये.

आईला हे सांगितलं. सांगायला नको होतं.

"त्याची नोकरी जाईल ना ग?"

"बहुतेक जाईल."

"आणि तू घालवणार?"

"मी नाही घालवणार. पेपर चूक आहे, आई."

"असेल चूक. जगात काय कमी चुका छापून येतात? तुला हीच सापडली?"

मी म्हटलं, हीच माझ्या भावाची आहे. त्यावर ती म्हणाली की तुझं शहाणपण तुझ्या वर्गात सांग. दोन दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. घरात आता तुझ्या बाजूचे लोक वाढले आहेत, एवढं समाधान मानून घे.

ताई


२० ऑक्टोबर

धाकट्या,

मागचं पत्र मी पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला ते परत हवं होतं. आता का ते सांगते, जरा दमाने वाच.

सत्राच्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या तळघरात बसून होते. फुटलेल्या कंपन्यांचे आकडे डेटाबेसमध्ये तुटक आहेत, पण त्यांचे छापील वार्षिक अहवाल तिथे लोखंडी फळ्यांवर पडून आहेत. ज्यांना कोणी हात लावत नाही असे. खाली थंडी असते आणि एकच खिडकी, तीही वरच्या फुटपाथला लागून, त्यामुळे दिवसभर लोकांचे बूट दिसतात. मी एकेक अहवाल काढून आकडे भरत गेले. कंपनी कधी फुटली, कोणाकडे काय गेलं, त्यानंतर त्या दोन तुकड्यांच्या शेअरांचं काय झालं. पाठ धरली. माझ्या वयाला आणि पदाला हे काम शोभत नाही, असं आमच्या डीनने मला लिफ्टमध्ये ऐकवलं. मी म्हटलं, शोभेची कामं आता तुम्ही करा.

आपल्या कंपनीचे शेवटचे दोन अहवाल तिथे नव्हते. म्हणून काकांकडे गेले.

बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच गेले. काका तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतात. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर शेजाऱ्याचा पंप उघडून ठेवलेला. हात अजून स्थिर आहेत.

"आज कशी काय वाट चुकलीस?"

मी म्हटलं, जुने अहवाल हवेत, धाकट्याच्या कामासाठी.

"तो बोलतो का तुझ्याशी?"

"नाही."

"आणि तू त्याची हमाली करतेस?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि पलंगाखालची बॅग ओढायला लागले. मी ओढू दिली नाही, मीच ओढली.

अहवाल चाळता चाळता मी विचारलं की कंपनी फुटली कशावरून. आपण घरात ऐकत आलो की पैशांवरून.

"पैसे नंतर आले," काका म्हणाले. "आधी ट्रक आला."

मोठी ऑर्डर होती आणि तारीख गाठायची होती. बाबांनी शेवटचा लॉट न तपासता ट्रकवर चढवायला सांगितला. काका गेटात आडवे उभे राहिले, सगळ्या कामगारांसमोर, आणि ट्रक रिकामा करायला लावला. त्यातले बरेच पंप गळके निघाले.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं."

"बरोबर होतं ना. पण दोनशे माणसांसमोर बरोबर होतं. तुझा बाप आत ऑफिसात बसलेला. आधी आत जाऊन त्याच्या कानावर घातलं असतं तर त्याने स्वतः माल उतरवला असता. तो काही अडाणी नव्हता. पण मला तेव्हा गेटातच उभं राहायचं होतं." मग त्यांनी पंपाचा वॉशर उजेडात धरून बघितला. "तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी वकील घेऊन आला. पुढचं तुला माहीत आहे."

मी तिथे चहा प्यायले, अहवाल घेतले आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. तेव्हा मला माझं मागचं पत्र आठवलं. माझ्या नावाने, त्याच जर्नलमध्ये. मीही गेटातच उभी राहायला निघाले होते. बरोबर होते म्हणून नाही, सगळ्यांनी बघावं म्हणून. चहाच्या टेबलापाशी तू जे केलंस त्याची परतफेड म्हणून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

तेव्हा ते परत घेते. मी उत्तर लिहिणार नाही. पेपर तसाच छापलास तरी नाही. कधीतरी कोणीतरी लिहील, पण ती मी नसेन. आकड्यांची फाइल पेनड्राइव्हवर घालून या पाकिटात ठेवली आहे. ती मी दुसऱ्या कोणालाही दाखवलेली नाही.

फाइल उघडशील तर निकाल तुला लगेच दिसेल, म्हणून लपवत नाही. फुटलेल्या कंपन्या परत घातल्या की तुझी जास्तीची कमाई उरत नाही. शून्याच्या आसपास येते. एक गोष्ट मात्र उरते, आणि ती मला तुझ्या मूळ निष्कर्षापेक्षा जास्त आवडली: भावंडांच्या कंपन्या एकतर फार चांगल्या चालतात, नाहीतर फार वाईट. मधलं काही नाही. बाकीच्या कंपन्यांचं असं होत नाही. यावर खरा पेपर होईल. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल, जानेवारीच्या आत व्हायचा नाही. हे मला कळतं आणि म्हणूनच तू काय करावंस हे मी सांगत नाही.

काका तुला विचारत होते. म्हणाले, पोरगा सायकलवर ब्रेक न लावता पाय घासत थांबायचा, अजून तसाच आहे का.

ताई


११ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझा ईमेल आला. दोन ओळी. मी त्या छापून घेतल्या, आमच्याकडे कागदबचतीची मोहीम जोरात चालू असताना.

'पेपर मागे घेतला. तुझ्या फाइलमध्ये पंपांची कंपनी दोनदा आली आहे, एकदा जुन्या नावाने आणि एकदा काकांच्या तुकड्याखाली. एक ओळ काढ.'

मी लगेच फाइल उघडून बघितलं. बरोबर आहे. काकांच्या बॅगेतल्या अहवालांवरून मी ती नव्याने भरली आणि आधीची ओळ काढायची राहून गेली. आपल्या घरचं भांडण मी दोनदा मोजलं होतं. ओळ काढली. निकालात फरक पडत नाही, आणि या वेळी मी ते करून बघून सांगते आहे.

तू माझी चूक काढलीस याचा मला इतका आनंद झाला की मी तो शेजारच्या खोलीतल्या अकाउंटिंगच्या बाईंना जाऊन सांगितला. त्यांना वाटलं मला बढती मिळाली. वर्षाच्या वर झालं, तू मला एक शब्द लिहिला नव्हतास. लिहिलास तो 'एक ओळ काढ.' मला चालेल.

पण दुसऱ्या ओळीचा आनंद ओसरला आणि मग पहिली ओळ पुन्हा वाचली. पेपर मागे घेतला. आता कमिटीपुढच्या फाइलीत काय राहिलं? दोन जुने पेपर आणि कुणाच्या तरी पुस्तकातलं एक प्रकरण. मला तुझा अभिमान वाटतो, आणि मी तुझं वाटोळं केलं असंही वाटतं, आणि ही दोन्ही वाटणं एकमेकांची समजूत घालत नाहीत. काल वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मध्येच थांबले. मुलांना वाटलं मी मुद्दाम थांबले, त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली.

आईला मी सांगितलेलं नाही. तू सांग. किंवा नको सांगूस. तुमचं तुम्ही बघा.

मदत लागली तर माग, असं लिहिणार होते. पण तू मागणार नाहीस, म्हणून न मागता एक सांगते. कमिटीपुढच्या निवेदनात पेपर मागे घेतल्याचं लपवू नकोस. चूक काय होती, कशी कळली आणि तिच्यातून पुढे काय निघतं, हे सरळ लिही. माझं नाव घालायची गरज नाही.

ताई


४ मार्च

धाकट्या,

काल फोनवर मी फारशी बोलले नाही. आईने फोन आणून हातात दिला, "घे, तुझ्याशी बोलायचंय म्हणतो," आणि ती तिथेच उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. तिच्यासमोर मला काही सुचेना. म्हणून हे.

कमिटीने नाही म्हटलं. तू ते इतक्या सरळ सांगितलंस की मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल सांगतोयस. एक वर्ष अजून पगार आहे आणि मग नाही. निवेदन चांगलं होतं असं कमिटीतल्या दोघांनी तुला खाजगीत सांगितलं म्हणालास. खाजगीत सगळेच भले असतात. एकाने तर म्हणे विचारलं की मागे कशाला घेतलास, कोणाला कळलं असतं? तू त्याला काय उत्तर दिलंस ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

नोकरी गेली. हे मी लिहून बघते आहे, कसं दिसतं ते. वाईट दिसतं. तुझी मुलगी शाळा बदलायला तयार नाही, घर विकावं लागेल, आणि चाळिशीतल्या माणसाने पंचविशीतल्यांच्या रांगेत उभं राहून मुलाखती द्यायच्या. यातलं काहीही मी 'होईल ठीक' म्हणून झाकणार नाही. मात्र तो दुसरा पेपर, फार चांगल्या आणि फार वाईट भावंडांचा, आपण लिहायचा. तू म्हणालास दोघांच्या नावाने. मी हो म्हटलं. ते आई ऐकत होती तरी म्हटलं.

पण लिहायला बसले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "ताई, तो रिपोर्ट तुझा नव्हता, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"कसं कळलं?"

"दोन पानांचा होता ग. तू लिहिला असतास तर सात झाली असती, आणि शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या कागदावर."

मला हसू फुटलं. आणि मग जो संताप आला, तो मी आईसमोर कसाबसा गिळला. दीड वर्ष! टाइप करून घेतलेले पत्ते, तळघर, आईचा अबोला. मी फक्त एवढंच विचारलं, मग बोलत का नव्हतास?



"मी फार चिडलो होतो, ताई. आणि त्या रेफरीचं मला नावसुद्धा माहीत नाही. नाव माहीत नसलेल्या माणसावर किती दिवस चिडून राहणार? काही दिवसांनी ते आपल्यालाच लागायला लागतं. तुझ्यावर चिडता येत होतं."

त्यावर मी "बरं" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, काय झालं, तोंड का असं झालंय? मी म्हटलं, काही नाही, वर्षभर कशाला भांडत होता ते सांगत होता. "मग?" म्हटलं, मला त्याचं म्हणणं पटलं. ती म्हणाली, "पटायला एवढा वेळ लागला? मला तर पहिल्या दिवशीच माहीत होतं," आणि रडायला लागली. नोकरीचं तिला तेव्हाच कळलं असावं. की आधीपासूनच माहीत होतं, कोण जाणे. मग आम्ही दोघी रडलो, आणि तुझे भावोजी गिटार खाली ठेवून बघत राहिले.

तू शनिवारी येतोयस. मी गाडी घेऊन विमानतळावर येईन, टॅक्सी करू नकोस. नोकरी गेल्याचा जो काही राग असेल तो त्या कमिटीवर निघायचा नाही, ते नऊ जण आहेत आणि सगळे बंद दाराआड. तेव्हा गाडीत माझ्यावर चीड. पाऊण तासाचा रस्ता आहे. घरी पोचलो की आई आहे.

ताई